बसकी गाडी

१

तलवाड्याच्या वरच्या अंगाला गोदावरीच्या पात्रात उतरणारी एक वाट आहे. वाळूच्या ट्रॅक्टरांनी ती पार खणून काढलेली. दोन चाकोऱ्या गुडघाभर खोल, आणि मधला उंचवटा गाढवाच्या पाठीसारखा वर आलेला. ही वाट जिथं संपते आणि सपाट ओली रेती लागते, तिथं आश्रुबा मेंढपाळ पालथा पडला होता. दोन्ही पाय मांडीपासून चेचले होते आणि कवटी मागून फुटली होती. वर चढावर त्याची दोन मेंढरं पोट फुटून पडली होती. बाकीचा कळप बाभळीखाली गोळा होऊन नुसता बघत होता.

ऋतुजा परिवहन खात्यात सहायक मोटार वाहन निरीक्षक होती. गाडीखाली माणूस मेला की ती गाडी तिच्या नजरेखालून जावी लागे. पण इथं गाडीच नव्हती.

"काल दिवस मावळताना झालंय," पोलीस निरीक्षक सुंदरराव म्हणाले. "मारणारा उडवून पळाला. तुम्ही फक्त ठसे बघा मॅडम."

ऋतुजा प्रेताजवळ बसली. आश्रुबाच्या कोपरांची सालटी निघाली होती आणि मागं रेतीत रक्ताचा पट्टा होता.

"साहेब, गाडीनं पाय मोडले. त्यानंतर हा रांगत इथपर्यंत आलाय. डोकं गाडीनं फुटलेलं नाही. कुणीतरी खाली उतरून मारलंय."

सुंदररावांनी टोपी काढून घाम पुसला. "म्हणजे खून."

चाकांचे ठसे रुंद होते आणि टायरची नक्षी बारीक होती, डांबरी रस्त्यावरच्या महागड्या गाडीला असते तशी. पुढच्या चाकांच्या ठशात आतल्या बाजूला नक्षी स्वच्छ उमटली होती आणि बाहेरची कड मात्र अगदी कोरी, गुळगुळीत. मधल्या उंचवट्यावर कुठंच घासल्याची खूण नव्हती, म्हणजे गाडी चांगली उंच होती. आणखी एक गोष्ट तिला कळेना. प्रेताच्या अलीकडे गाडी थांबली होती आणि चाकं रेतीत रुतली होती. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे, दोन्ही बाजूंना, वासा दाबून उचलावा तशी एकेक लांब सरळ खूण होती.

"मेंढरं बसली असतील," सुंदरराव म्हणाले.

"मेंढरं रेघ मारून बसत नाहीत साहेब."

चढावर आश्रुबाची बायको साखराबाई बसली होती. तिचा आवाज बसला होता, डोळे कोरडे होते.

"मी लांब हुते माय, पल्याडच्या टेकाडावर. पांढरी गाडी बघितली. उंच. मेंढरं पाक तिच्या पोटाखाली गेली. मानूस दिसला न्हाई. ह्यो मोबाईल धरून उभा हुता. वाळूच्या गाड्यांचं शूटिंग करायचा, तहसीलदाराला दावायला. रस्त्यात धोंडेबी मांडायचा."

"मोबाईल कुठाय?"

मोबाईल कुठंच सापडला नाही. एवढ्यात गावाकडून एक हवालदार धापा टाकत आला.

"साहेब, चला लवकर! लोकांनी बजरंगला धरलंय. जित्ता ठेवत न्हाईत त्याला!"

२

बजरंगकडे पांढरा पिकअप होता. बाजाराच्या दिवशी तो लोकांची शेरडं-मेंढरं वाहून न्यायचा. त्याच्या गाडीत मागं आश्रुबाची दोन मेंढरं गुदमरून मेली, तेव्हा आश्रुबानं भर बाजारात त्याच्या मुस्काटात मारली होती आणि बजरंग सगळ्यांदेखत ओरडला होता, "एक दिस गाडीखाली घालीन तुला!"

गावाला तेवढं पुरे झालं. पांढरी उंच गाडी आणि तोंडची धमकी. पोलीस पोचले तेव्हा बजरंग चावडीपुढं धुळीत पडला होता. साखराबाई पाऊलवाटेनं आधीच येऊन गर्दीच्या पुढं उभी होती. कुणीतरी त्याचा उजवा हात दगडावर ठेवून काठीनं मोडला होता. पिकअप पेटला होता. त्याची म्हातारी आई भिवराबाई जळत्या गाडीपुढं छाती पिटत होती, "माजं लेकरू सोडा रं! ते काल घरीच हुतं!" पण तिचं ऐकतो कोण!

सुंदररावांनी लाठ्या चालवून त्याला सोडवला. जीपमध्ये घालताना बजरंगनं ऋतुजाचा दुपट्टा डाव्या हातानं धरला. त्याचे पुढचे दात पडले होते.

"मी न्हाई मारलं मॅडम. मला कावून मारतेत हे?"

ऋतुजानं जळत्या पिकअपची चाकं बघितली. अरुंद टायर, खोल खाचा. ठशांशी काही जुळत नव्हतं. तिनं ते जमावाला ओरडून सांगितलंही. एकानं तिच्या तोंडासमोर काठी नाचवली. "गाडीची डाक्टरीन हाय का बे ही? व्हा बाजूला!"

"त्याला दवाखान्यात ठेवतो," सुंदरराव हळूच म्हणाले. "पण खरा माणूस लवकर सापडला नाही तर हे लोक त्याचं घर जाळतील. म्हातारी आत असली तरी जाळतील."

ती तशीच फाट्याकडे निघाली. फाट्यावरच्या टायरच्या दुकानापुढं एक तरुण दुकानदारावर तोंडसुख घेत होता. सोनेरी चष्मा, पांढरे बूट. त्याच्या मागं सगळ्या तालुक्याला ठाऊक असलेली गाडी होती. पांढरी, लांबरुंद आणि इतकी खाली बसलेली की पोटाखाली मांजर शिरणार नाही. लोक तिला बसकी गाडी म्हणत. हा हरिओम. त्याचे मोबाईलवरचे व्हिडिओ लाखो लोक बघायचे.

"अलाइनमेंट करून आनली, तरी टायर खातीय! संक्रांतीला नवे टाकलेत. बघ बे, कड कशी झाली!"

"दादा, तेलगावात केलं तवा मी संगं हुतो," दुकानदार कळवळून म्हणाला. "गाडी हाय अशी बसलेली ठेवूनच चाकं सरळ केली. यंत्रावर कांडीसारखी सरळ हुती."

ऋतुजा वाकली. पुढच्या टायरवरून तिनं तळहात फिरवला. आतली बाजू भरलेली होती आणि बाहेरची कड गुळगुळीत झाली होती. बाहेरून आत हात सुळकन गेला, आतून बाहेर ओढताना रबराचे करवती दाते बोटांना लागले.

खाली बसवलेल्या गाडीची चाकं वरून आत झुकतात, ती टायर खाल्लाच तर आतून खाते. आणि बसलेल्या स्थितीत सरळ केली असली तर टायर सारखा झिजायला हवा. बाहेरची कड जायचं काही कारणच नव्हतं.

कारण एकच उरत होतं. ही गाडी जशी उभी होती, तशी ती चालत नव्हती.

३

हरिओमचं घर तलवाड्याच्या वेशीवर होतं. ऋतुजानं सुंदररावांना तिथं बोलावून घेतलं. फरशीचं मोठं अंगण, कडेला पाण्याचा टँकर, मागं वाळूचा ढीग. ओट्यावर त्याची थोरली बहीण मोहिनी खुर्चीत बसली होती. बाप गेल्यावर सगळा कारभार तिनंच ओढला होता. काही वर्षांपूर्वी झालेल्या अपघातात तिच्या डाव्या मांडीत सळई बसली. तेव्हापासून पाय वाकत नव्हता आणि हातात काठी आली होती. गावातले पुढारी तिच्यापुढं हळू आवाजात बोलत.

"या साहेब. चहा टाक गं," तिनं आत हाक दिली. "बजरंगनं केलं म्हनं. वाईट झालं. आश्रुबा तोंडाचा फटकळ, पन गरीब मानूस."

सुंदररावांनी चौकशी सुरू केली. हरिओमनं लगेच सांगितलं, "काल आमी धर्मापुरीला गेलतो. देवळाम्होरं शूटिंग हुतं. शंभर लोकांनी फोटू काढलेत माझ्यासंगं. मित्राची गाडी होती."

"ड्रायव्हर कोण होता?"

"ह्यो धोंडीराम."

खांबाला टेकलेला, पिकल्या मिशांचा धोंडीराम म्हणाला, "व्हय साहेब. सकाळी गेलतो, रातची जेवनं झाल्यावर परतलो." बोलताना तो खाली बघत होता.

"आणि ही गाडी?"

"हितंच. अंगणात."

"हिला हवेचं सस्पेन्शन आहे ना?" ऋतुजानं विचारलं. "फुग्यात हवा भरली की गाडी उठते, सोडली की बसते."

हरिओमचा चेहरा पडला. "पुन्याहून बसवून आनलं हुतं. काय मुजरा करायची गाडी! पन दिवाळीत हवेची मोटर जळली. तवापासून बसली ती बसलीच. आक्का म्हनली, दुरुस्त करू नको, पोरखेळ बास."

"दिवाळीपासून एकदाही उठली नाही?"

"न्हाई."

"आणि टायर संक्रांतीला टाकलेत."

"हां मग?"

ऋतुजानं धोंडीरामकडे बघितलं. त्याच्या मिशीवर घाम आला होता.

मोहिनी हसली. "मॅडम, तुमचा रोख कळला. पन साखराबाईनं उंच गाडी बघितली. ही आमची गाडी गतिरोधकावर अडकते. आन् घरात काल मी एकली. मला बाजार समितीच्या जीपमंदी चढायला दोन मानसं आन् स्टूल लागतं. इचारा साहेबांना."

सुंदररावांनी मान हलवली. त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं.

"शिवाय," मोहिनी काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "ज्या गाडीची मोटर जळली, ती उठून नदीत उतरली कशी?"

तेवढ्यात सुंदररावांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि ते ताडकन उठले. जमाव बजरंगच्या घराकडे निघाला होता. भिवराबाईला आत घालून बाहेरून कडी लावली होती आणि कुणीतरी पाचटाचे भारे दाराशी रचत होतं.

"सगळी माणसं तिकडं पाठवा," ऋतुजा म्हणाली. "पण तुम्ही इथून हलू नका. टायरवाल्याला हवेची टाकी घेऊन बोलवा. मला ही गाडी उभी करायची आहे."

४

टायरवाला टेम्पोत टाकी घालून आला. ऋतुजानं पुढच्या फुग्यांच्या तोंडाला नळी लावली. हवा सुस्कारत आत गेली, आणि बसकी गाडी बसलेल्या उंटासारखी हळूहळू उठायला लागली. मग मागचे फुगे भरले. बघता बघता गाडी मांडीएवढी वर आली.

"बघा," ऋतुजा म्हणाली. "बसलेली असताना चाकं सरळ होती. तेलगावच्या यंत्रावर ती तशीच सरळ केली होती. आता?"

पुढची चाकं वरून बाहेर कलली होती आणि त्यांची नाकं किंचित आत वळली होती, फेंगड्या माणसाच्या पायांसारखी. गाडीचा सगळा भार बाहेरच्या कडेवर आला होता.

"गाडी उचलली की चाकांचा कोन बदलतो. बसलेली असताना जुळवलेलं उठल्यावर जुळत नाही. अशी ती चालवली की बाहेरची कड घासते आणि रबराला करवतीसारखे दाते येतात. हरिओम, तुमचे टायर संक्रांतीनंतर कुणीतरी गाडी उंच करून वापरल्यामुळे गेलेत. एकदा नाही, सारखी वापरल्यामुळे. नदीतल्या ठशांचीही बाहेरची कड कोरी आहे."

हरिओम डोळे फाडून बघत राहिला. "पन मोटर तर जळलीय... धोंडीमामा, तूच सांगितलंवता ना?"

धोंडीराम मटकन खाली बसला. "मला आक्कांनी सांगाय लावलं. मी काय करू रं? माजं घर त्येंच्या जाग्यात हाय."

सगळ्यांच्या नजरा ओट्याकडे वळल्या. मोहिनीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"बरं. मी गाडी वापरते. वाळूच्या घाटावर नजर ठेवाय जावं लागतं. पोराच्या खेळन्याकडं कुनी बघत न्हाई, म्हनून हीच नेते. त्यानं खून शाबीत हुतो का? तुमीच म्हनता, मारनारा खाली उतरला. एवढ्या उंच गाडीतनं मी उतरले कशी, आन् परत चढले कशी?"

"उंच गाडीत तुम्ही चढूच शकत नाही," ऋतुजा म्हणाली. "म्हणून तर तुमच्यावर कुणाचा संशय आला नाही. हिला क्लच नाही, डावा पाय लागतच नाही. तुम्ही घरून निघताना गाडी बसलेली होती. आत बसल्यावर तुम्ही ती उचलली, उंचवट्यावरून नेली आणि आश्रुबाच्या पायांवर घातली. पण तो मेला नाही. मोबाईल घेऊन रांगायला लागला. तेव्हा तुम्ही रेतीत गाडी खाली बसवली. दोन चाकांच्या मधे दोन्ही बाजूंना लांब सरळ खुणा आहेत साहेब, त्या हिच्या पोटाच्या कडा आहेत. रेतीत आलेली गाडी कुणी हौसेनं जमिनीला टेकवत नाही. ज्याला गाडी टेकल्याशिवाय उतरता येत नाही, तोच टेकवतो."

सुंदरराव गाडीकडे, मग मोहिनीच्या पायाकडे बघत राहिले.

"ही तुमची अक्कल झाली," मोहिनी शांतपणे म्हणाली. "पुरावा?"

ऋतुजा खाली वाकली होती. गाडी धुतलेली होती, पत्रा लखलखत होता. पण ती बसलेली असतानाच धुतली होती. आता फुगा ताणला गेल्यावर त्याच्या उलगडलेल्या घडीतून ओल्या रेतीचे गोळे खाली पडत होते. आणि घडीच्या आत, टायरच्या वरच्या बाजूला, काहीतरी चिकटलं होतं. काळसर, केसाळ. लोकरीचा पुंजका, रक्तात भिजून वाळलेला. त्याच्यासोबत धोतराची एक चिंधी.

"साहेब, इकडे या," म्हणत तिनं चाकावरच्या पोकळीत हात घातला.

फस्सकन आवाज झाला.

काही कळायच्या आत गाडी खाली आली. पत्र्याची कड आणि टायर यांच्यामध्ये ऋतुजाचा पंजा सापडला. बोटं मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला आणि मग तिची किंकाळी अंगणभर गेली.

ओट्यावर मोहिनी उभी होती. काठीच्या मुठीवरची तिची बोटं उघडली होती आणि त्यांच्यात काळा रिमोट दिसत होता.

"आक्का!" हरिओमनं ओट्यावर झेप घेतली. मोहिनीनं काठी गरकन फिरवून त्याच्या कानशिलावर हाणली. रक्ताची चिळकांडी उडाली, तरी त्यानं तिचं मनगट सोडलं नाही. सुंदररावांनी मागून तिला धरलं. ती त्यांच्या हाताला कडकडून चावली. तिघंही पायऱ्यांवरून खाली कोसळले. हरिओम रांगत उठला. त्याचा एक डोळा रक्तानं भरला होता. त्यानं रिमोटचं बटण दाबलं.

गाडीच्या पोटात घर्रर्र झालं. दिवाळीत जळलेली म्हणत होते ती मोटर सुरू झाली, आणि गाडी उठली.

ऋतुजानं हात बाहेर काढला. तिची दोन बोटं भलतीकडे वळली होती. मुठीत लोकरीचा पुंजका आणि चिंधी तशीच होती.

५

सुंदररावांनी मोबाईल कानाला लावून तिथल्या हवालदाराला ओरडून सांगितलं, "सापडला खुनी! आवाज मोठा करून लोकांना ऐकव!" आणि त्यांनी फोन मोहिनीच्या तोंडापुढं धरला.

तिच्या हातात बेड्या होत्या. डोक्यावरचा पदर सुटला होता. ती फोनकडं बघून हसली.

"ऐका तर मग! मीच मारला. धोंडे मांडून मला अडवत हुता. भाऊ मोबाईलसमोर नाचत बसला म्हनून सगळं मी पायात सळई घालून ओढलं. आन् ह्यो मेंढक्या मला तहसीलदाराकडं न्यायला निघाला! पायावरून गाडी घातली तरी मोबाईल सोडंना. रांगत हुता. 'ताई, आता बास' म्हनला. मी उतरले. टॉमी घेतली, चाक खोलायची लोखंडी दांडी. दोनदा हानली."

"मोबाईल कुठंय?"

"हिरीत. टॉमीबी तिथंच."

हरिओम गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. "आक्का, मला सांगायचं हुतंस की," तो पुटपुटला. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिकडे जमावानं पोलिसांना लांबच रोखून धरलं होतं आणि बजरंगच्या दारातलं पाचट पेटलं होतं. फोनवरचा आवाज ऐकल्यावर जमावातला एकेक जण मागं सरकू लागला. कडी काढायला मात्र कुणी पुढं होईना. शेवटी साखराबाई धुरात घुसली. तिनं दगडानं कडी मोडली आणि भिवराबाईला काखेत धरून बाहेर ओढलं. म्हातारीचं लुगडं खालून जळालं होतं. खोकत खोकत तिनं वर बघितलं, कोण ते ओळखलं आणि साखराबाईचा हात झिडकारला.

विहिरीतून टॉमी निघाली. मोबाईल निघाला, पण त्यातलं काही उघडलं नाही. लोकर, रक्त आणि टायरचे ठसे मात्र जुळले. हाताला प्लास्टर असतानाच ऋतुजानं आपला अहवाल सांगून लिहून घेतला.

बीडच्या दवाखान्यात ती पट्टी बदलायला गेली, तेव्हा बजरंगच्या खाटेजवळ साखराबाई उभी होती. तिच्या हातात चहाचा पेला होता.

"मी फकस्त बघितलं ते सांगितलं हुतं," ती म्हणत होती. "तुजं नाव मी घेतलं नव्हतं रं."

"गप तर बसलीस ना," बजरंग फुटक्या तोंडानं म्हणाला. "माजा हात दगडावर ठेवला तवा तू म्होरंच हुतीस."

साखराबाईनं पेला खाटेखाली ठेवला. बजरंगनं तोंड भिंतीकडं फिरवलं. ती निघून गेली.

पुढच्या आठवड्यात हात गळ्यात अडकवून ऋतुजा पंचनाम्याच्या सहीसाठी तलवाड्याला गेली. वेशीबाहेर तिला साखराबाई दिसली. आश्रुबाची काठी तिच्या खांद्यावर होती. पुढं कळप चालला होता आणि मेंढरांमध्ये काही तांबडी शेरडं मिसळली होती.

"ही कुणाची?"

"बजरंगची. दावणीला वरडत हुती. म्हातारीला हुईना."

"भिवराबाईनं दिली?"

"दिली न्हाई. मीच सोडली. रोज सकाळी सोडते, सांजच्याला बांधते. ती दारात बसून शिव्या देती." साखराबाईनं एका शेरडाला काठीनं रस्त्याकडेला वळवलं. "द्यायला पायजेत."

ती वाटेला लागली. समोरून ट्रॅक्टर आला तशी ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, काठी आडवी धरली, आणि शेवटचं शेरडू पलीकडं जाईपर्यंत हलली नाही.